मदत हवी आहे: कुत्र्याच्या पोटात गांजा गेलाय, उलटी कशी काढू?

घालमेल: कुत्रा झोकांड्या खातोय, नुसता हात लावला तरी दचकतो, बसल्या जागी लघवी गळतेय. गांजाच आहे, खात्री आहे. घरच्या घरी उलटी कशी काढायची ते पटकन सांगा.

कोरफड: कोमट पाण्यात मीठ घालून पाजा.

पशुपथ्य: मीठ अजिबात नको! रक्तात सोडियम वाढून झटके येतात. आणि तोल जायला लागल्यावर कशानेच उलटी काढू नका. गुंगीत गिळणं ढिलं पडतं, उलटी फुप्फुसात उतरते. त्यात टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, स्वतःच उलटी दाबतं. वजन किती? नेमकं काय खाल्लं, किती वाजता?

बिनधास्त: एवढं घाबरू नका. गांजाने कुत्रा सहसा मरत नाही. अंधाऱ्या, शांत खोलीत झोपू द्या, एक-दोन दिवसांत उतरेल.

किटवाला: आधी माणसांचं लघवीचं किट वापरून खात्री करा.

पशुपथ्य: कुत्र्यात ते किट बऱ्याचदा खोटं निगेटिव्ह दाखवतं, त्यावर विसंबू नका. घालमेल, वजन??

घालमेल: ९ किलो. दोन तास झाले. डार्क चॉकलेटमध्ये होता, ४० ग्रॅमची वडी, सगळी गेली. उलटीचं काय?

पशुपथ्य: चॉकलेट आधी सांगायला हवं होतं! डार्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे सुमारे ५ मिलिग्रॅम थिओब्रोमिन (कोकोतला, कुत्र्याला विषारी घटक) धरा. म्हणजे २०० मिलिग्रॅम, किलोमागे २२. विसाच्या आसपास उलट्या, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. ४०-५० ला हृदयाची लय बिघडते, ६० ला झटके. नुसत्या गांजाने ठोके बहुधा मंदावतात, चॉकलेटने वाढतात, म्हणून ठोके मोजत राहणं डॉक्टरांकडेच जमेल. बिनधास्त, झोपू देण्याचा सल्ला इथे चालणार नाही. वेष्टनावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) किंवा बेदाणे लिहिलेत का तेही बघा, दोन्ही कुत्र्याला विषारी.

रानवाट: वन्यप्राण्यांचंही बोला कुणीतरी. कॅलिफोर्नियात २०१२ च्या अभ्यासात ५८ मेलेल्या फिशरपैकी (मुंगसासारखा दिसणारा जंगली प्राणी) ४६ मध्ये उंदरांचं विष सापडलं. संशय जंगलातल्या चोरट्या गांजाच्या मळ्यांवर आहे.

कोरफड: त्यासाठी वेगळा धागा काढा ना. कोळसा पाजला तर?

पशुपथ्य: अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (विष शोषणारा औषधी कोळसा) किलोला १ ते २ ग्रॅम देतात, पण गुंगीतल्या जनावराला तोंडाने पाजाल तर तोही फुप्फुसात जाईल. दवाखान्यातच द्यायचा.

घालमेल: झायलिटॉल नाही, बेदाणे नाहीत. निघतोय. वाटेत पाणी देऊ?

पशुपथ्य: काहीच नको. कुशीवर झोपवा, मान सरळ ठेवा, चादरीत गुंडाळा, अंगाचं तापमान उतरतं. वेष्टन सोबत न्या आणि गांजा होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नाहीतर ते आधी अँटीफ्रीझची (गाडीच्या रेडिएटरमधलं द्रव) विषबाधा शोधत बसतील, तिच्यातही कुत्रा असाच झुलतो.