११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिल्ला: अस्सल की नक्कल?

पितळी_पेटी
पुण्याच्या जुन्या बाजारात टोपीचा एक बिल्ला बघून ठेवलाय. पितळी आहे. बिगुल, त्याच्या वेटोळ्यात ११० आकडा, वर मुकुट. उंची ४१ मि.मी. मागची बाजू जवळजवळ सपाट, दोन कड्या. रंग पुढून-मागून सारखाच चॉकलेटी. विकणारा म्हणतो कुतच्या वेढ्यात (पहिलं महायुद्ध, इराक) सापडलेल्या पलटणीचा. फोटो चढत नाहीये म्हणून वर्णन देतोय. घ्यावा का?

तारीखवार
धातूकडे नंतर वळू, आधी मुकुट बघा. मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवून सरसेनापती किचनरच्या काळात, १९०३ साली, नवे आकडे झाले. १० व्या बॉम्बेची ११० वी मराठा झाली ती तेव्हा. १९२२ च्या फेररचनेत तीच ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणजे ११० हा आकडा जेमतेम १९ वर्षांचा. त्या काळात गादीवर सातवा एडवर्ड आणि नंतर पाचवा जॉर्ज, आणि दोघांच्याही बिल्ल्यांवरचा मुकुट घुमटासारखा गोल. मुकुटाच्या कमानी मधोमध खचलेल्या दिसत असतील तर तो एलिझाबेथचा, म्हणजे १९५३ नंतरचा. आणि वरून दाबल्यासारखा, चपटा असेल तर व्हिक्टोरियाचा. ती १९०१ मध्येच गेली. ११० सोबत या दोन्हींपैकी काहीही असलं तर बिल्ला खाली ठेवा, भिंग काढायचीही गरज नाही.

उलटं मात्र धरू नका. मुकुट गोल आहे म्हणून बिल्ला जुना ठरत नाही. तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये गोल मुकुटच पुन्हा आणलाय.

कुतचं म्हणाल तर ११० वी तिथे होती हे खरंच, पण त्यावरून या तुकड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्या काळात शिपायांच्या डोक्याला पगडी असे. त्यांच्या सामानात खांद्यावरची पितळी अक्षरं जास्त सापडतात, टोपीचे बिल्ले कमी.

कानस
सपाट पाठ मला खटकतेय. डायमध्ये, म्हणजे पोलादी ठशात, ठोकून काढलेला बिल्ला म्हणजे साधारण १ मि.मी. जाडीचा पत्रा. पुढे जिथे उठाव, मागे तिथे खळगा. पुढचा बिगुल मागून उलटा दिसलाच पाहिजे. मागे सपाट आणि हाताला जड, म्हणजे बहुतेक ओतीव.

दहापट भिंग घ्या, उजेड आडवा पाडा आणि ही ठिकाणं बघा:

बिगुलाची दोरी आणि मुकुट यांच्यामधली आरपार जागा. पंचने कापलेली असेल तर आतली कड उभी, धारदार असते आणि तिच्यावर कातरल्याच्या बारीक समांतर रेषा दिसतात. ओतीव मालात ती कड गोलावलेली असते, नाहीतर कानशीने कशीबशी साफ केलेली.

आकड्यांच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. हे वायूचे बुडबुडे, ठोकलेल्या पत्र्यात येत नाहीत.

कड्या. अस्सल कडी तांब्याच्या तारेची असते, तिचे पाय वेगळे दिसतात आणि त्यांना डाख दिलेला असतो. कडी बिल्ल्यातूनच उगवल्यासारखी दिसली तर ती एकाच साच्यातली. भोवती करड्या शिशाच्या डाखाचा ढीग असेल तर नंतरची दुरुस्ती. दुरुस्तीने बिल्ला खोटा होत नाही, भाव पडतो.

चॉकलेटी रंग सगळीकडे सारखा, हे तर वाईटच. वापरलेला बिल्ला रोज घासला जाई. मुकुटाचे मणी, बिगुलाची फुगीर बाजू झिजून गुळगुळीत, खोबणीत काळपटपणा आणि पॉलिशचा वाळलेला पांढरट-हिरवा थर. पाठ कोणी घासत नसे. पुढे-मागे एकच छटा आली म्हणजे रसायनाचा हात.

बेळगावी
वरचं बहुतेक मान्य, पण ‘ओतीव म्हणजे खोटा’ हे भारतीय पलटणींना जसंच्या तसं लावू नका. इथल्या बाजारातल्या कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले बिल्ले खऱ्या सैनिकांनी वापरले आहेत, दुसऱ्या महायुद्धात तर भरपूर. म्हणून ओतीव तुकड्यात झीज कुठे आहे ते महत्त्वाचं. कड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे पिन सरकते, तिथे तार पातळ झालेली हवी. ती झीज नकली करणारे सहसा विसरतात.

दुसरं, माप. अस्सल बिल्ल्यावरूनच साचा घेतला असेल तर पितळ गार होताना दीड-दोन टक्के आकसतं. ४१ मि.मी.च्या तुकड्यामागे पाऊण मिलिमीटरच्या आसपास फरक. पण त्यासाठी हाताशी खात्रीचा नमुना लागतो, नुसतं पुस्तकातलं चित्र चालत नाही.

पितळी_पेटी
मुकुट परत जाऊन बघितला. कमानी मधोमध खचलेल्या. दोरीच्या आतली कड कानशीने घासलेली. कड्यांत झीज अजिबात नाही. सोडून दिला. पण मुकुट गोल असता आणि पाठीला खळगेही असते, तर?

कानस
तर रीस्ट्राइकची शंका घ्यायची, आणि तीच सगळ्यात अवघड. मूळ डायवर आज पत्रा ठोकला की उठाव, पाठ, कड सगळं बरोबर येतं. तिथे तीन गोष्टी बघायच्या. डाय झिजलेला असेल तर मुकुटाच्या मण्यांमधली फट बुजते, पण वर वापराची झीज नसते. तपशील मऊ आणि पृष्ठभाग मात्र करकरीत. पत्रा नेहमीपेक्षा पातळ किंवा जाड असतो, तेव्हा कडेला व्हर्निअर लावा. आणि मागे कड्यांऐवजी टोपीत खोचायची पट्टी असेल तर ती कुठे जोडलीय ते बघा. बुडाशी चिमटा काढल्यासारखी अरुंद पट्टी दिसली की मी तरी पैसे देत नाही.

चुंबकाचा फार उपयोग नाही. पितळ चिकटत नाही, नकलीही पितळेचीच असते. चिकटला तर मात्र आत लोखंड, लगेच परत करा. आणि घेतलात तर धुऊ नका. पॉलिशचा तो वाळलेला थर गेला की तपासायला काही उरत नाही.

तारीखवार
एक राहिलं. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभ असेल तर बिल्ला १९५० नंतरचा, मग ११० चा प्रश्नच नाही. असे बिल्ले स्वस्त मिळतात आणि भिंगाला हात बसवायला उत्तम. पाठ, कड आणि कड्या आधी त्यांच्यावर बघून ठेवा.