मदत हवी आहे: जामिनावर सुटलेल्या परदेशी महिलेची घरी नोंद कशी करायची?

भायखळ्याच्या महिला तुरुंगातून जामिनावर सुटलेल्या एका आफ्रिकन बाईंना आम्ही काही स्वयंसेवक मदत करतोय. सध्या त्या एका संस्थेच्या निवाऱ्यात आहेत, पण तिथली जागा महिनाअखेरीपर्यंतच. आमच्यातल्या एका ताईंनी माझगावच्या घरातली खोली देऊ केली आहे. परदेशी व्यक्ती राहायला आली की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची असते (सगळे फॉर्म सी म्हणतात तीच). अडलंय ते इथे. पासपोर्ट कोर्टात जमा, व्हिसा आत असतानाच संपला. हातात जामिनाचा आदेश आणि पासपोर्टची झेरॉक्स, तीही इतकी पुसट की शेवटचा आकडा ३ की ८ तेच कळत नाही.

वकिलांनी कोर्टाकडे सर्टिफाइड कॉपी मागितली आहे, दिल्लीतल्या दूतावासाला मेल गेलाय. सोसायटीचे सेक्रेटरी तयार आहेत, फक्त पोलिसांचा कागद मागतात, आणि त्यांचं काही चूक नाही. मुंबईबाहेरची जागा कृपया सुचवू नका, जामिनाच्या अटीत बसत नाही. पैशांची सोय झाली आहे. ताईंवर उद्या केस होता कामा नये आणि या बाईंचं छप्परही जाता कामा नये, दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? व्हिसाच्या रकान्यात संपलेलीच तारीख टाकून जामिनाचा आदेश जोडायचा, की आधी सीएसएमटीजवळच्या एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या) कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा? आणि तिथे ताईंनी स्वतः जावं लागतं की वकील गेले तरी चालतं?