पावसाळा, घरातलं छोटं पिल्लू आणि शू-शीची शिस्त: अनुभव लिहा

सुरंगी
शेजारच्या पडवीत पॉमेरेनियनचं पिल्लू आलंय. दिवसभर फिनेलचा वास आणि "अगं पुन्हा केलंन!" ऐकून जुने दिवस आठवले, म्हणून हा धागा. जून ते सप्टेंबर अंगणात पाऊल टाकता येत नाही, तिथे पॉम, पग, शिह त्झू, डॅशहुंड असलं बारकं पिल्लू घरातच कसं शिकवायचं? कौतुकाच्या गोष्टी नकोत, उपाय लिहा.

सुरुवात मी करते. पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, एवढे तास ते फार तर दम धरतं. छोट्या जातीची शूची पिशवीच लहान, त्यामुळे त्याहूनही कमी. दोन महिन्यांचं असेल तर जागेपणी तासा-दीड तासाने नेऊन उभं करायचंच. शिवाय झोपून उठल्यावर लगेच, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत. जागा शोधायला लागलं की त्याच मिनिटाला पकडा: नाक जमिनीला, गोल गोल फिरणं, खेळ अर्धवट सोडून कोपऱ्याकडे जाणं.

खाडीपलीकडे
पॅडवर (शू शोषून घेणारं घडीचं अंथरूण) पुढचे दोन पाय, मागचे दोन फरशीवर, आणि धार फरशीवर. पिल्लाच्या हिशेबी ते पॅडवरच उभं आहे, त्याला ओरडून काय उपयोग? ६० बाय ६० सेंमीचे दोन पॅड जोडून टाका किंवा काठ असलेल्या ट्रेमध्ये ठेवा. नेम बसला की एक काढा. नर पाय वर करायला लागला की पाणी भरलेली दोन लिटरची बाटली पॅडमध्ये गुंडाळून मधोमध उभी करायची.

दोन_पोफळी
पायपुसणी उचला आधी!! काथ्याचं असो की चिंध्यांचं, पायाखाली मऊ आणि ओलं शोषणारं म्हणजे पिल्लाला पॅडच. पावसात दारात तीन-तीन गोणपाटं पसरायची आणि मग म्हणायचं कुत्रं ऐकत नाही.

मालवणी_मिरी
आमच्याकडे फरशी नाय, शेणाची जमीन आसा. मगे काय करूचा?

जांभा
@मालवणी_मिरी, सारवलेली जमीन मूत पिते, वास वरून जात नाही. ओला भाग खरवडून काढा, खालची माती कोरडी दिसेपर्यंत. मग नवीन माती चोपून वर सारवा. नुसतं वरून सारवलंत तर पिल्लू दुसऱ्या दिवशी तिथेच हजर. शिकेपर्यंत त्याच्या कोपऱ्यात जाड प्लास्टिक अंथरा, वर पॅड. जांभ्याच्या पायऱ्यांचंही तेच, दगड सच्छिद्र आहे.

फरशीवाल्यांसाठी क्रम असा. आधी कोरड्या कागदाने दाबून टिपा, पुसू नका, पुसलं की पसरतं. मग एन्झाइम (मुतातली घाण मोडणारे घटक) असलेला क्लीनर, डागाच्या कडेपलीकडे वीतभर. दहा-पंधरा मिनिटं ओला राहू द्या, तो काम करतो तो ओला असतानाच. आधी फिनेल मारलेलं असेल तर साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या, नाहीतर एन्झाइम मरतात. अमोनियावाले क्लीनर बाद, त्यांचा वास मुतासारखाच. काळ्या फिनेलमधलं फिनॉल पिल्लू पंजे चाटून पोटात घेतं. आणि मुतावर ब्लीच ओतू नका, घशाला लागणारा वायू सुटतो.

सुरंगी
व्हिनेगर चालतं ना? निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर.

जांभा
सिरॅमिक टाइल्सवर चालेल. कडप्पा, शहाबादी, संगमरवर यांवर नको. चुनखडीचे दगड ते, पांढरे डाग पडतात आणि पॉलिश गेलं ते गेलं.

ओटीवरचा_बाक
हे सगळं शेजारणीला कोण सांगणार? 😄 ती उद्याच मोरीची ब्लीच घेऊन बसेल.

गोचीडमुक्त
लसींचं कोणीच लिहिलं नाही. पार्व्होच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाबाचा आजार) लसींची मालिका साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते, तोवर रस्त्यावरच्या, भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडायचं नाही. म्हणजे आपल्याकडे घरातलं शिक्षण ही हौस नाही, गरज आहे. लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) लस वेगळी विचारून घ्या. दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे, मग दरवर्षी. भातशेती, उंदीर आणि साचलेलं पाणी असताना ती टाळू नये. लागण झालेल्या कुत्र्याच्या मुतातून माणसालाही होतो, तेव्हा साफ करताना हातमोजे, पायात चप्पल, नंतर साबणाने हात.

आणि जागा शिकलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब, सारखं सारखं करायला लागलं किंवा लालसर दिसलं तर ती खोडी नव्हे, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. डॉक्टरकडे न्या.

चुलीपुढे
आमच्याकडे वीज गेलीय, फोन १८ टक्के, थोडक्यात लिहिते. दूध बंद करा. "लहान आहे, दूध पाजा" म्हणून गायीचं दूध पाजतात, मग जुलाब, मग शिस्त कसली. तीन महिन्यांपर्यंत दिवसात चार वेळा खाणं, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. वेळा ठरलेल्या, पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचलायचं. ताट दिवसभर पडून राहिलं तर शी कधी येईल त्याचा पत्ता लागत नाही. पण शिस्तीसाठी उपाशी ठेवू नका, बारक्या जातींची रक्तातली साखर पटकन उतरते, थरथरतात, लुळे पडतात.

दोन_पोफळी
@चुलीपुढे, पाणीपण रात्री बंद करायचं का?

चुलीपुढे
झोपायच्या तासभर आधी उचललं तर चालतं. दिवसा कधीच नाही, आपल्या दमट उकाड्यात तर नाहीच. रात्री एकदा उठवून न्यायची तयारी ठेवा. दिवा न लावता, न बोलता, करवून परत झोपवा. खेळायला लागलात तर रोज रात्री दोन वाजता खेळायचंच असतं असा त्याचा समज होतो.

खाडीपलीकडे
बक्षीस! सगळे साफसफाईत अडकलेत. करून झाल्या क्षणी, एक-दोन सेकंदांत, तिथेच. उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. स्वयंपाकघरात जाऊन आणलात तर ते स्वयंपाकघरात आल्याचं बक्षीस झालं. डबी पॅडशेजारच्या खुंटीला टांगा. करत असताना "शू कर" हळू म्हणा, पुढे त्या शब्दावर करतं.

मालवणी_मिरी
सुको जवळो चालात?

गोचीडमुक्त
नको हो, मीठ किती असतं त्यात. जवळा तुम्ही खा, कोकमाचं सार घालून. 😋

मालवणी_मिरी
सार नाय, कांदो खोबरा घालून सुको. तुमका कळूचा नाय.

ओटीवरचा_बाक
पिल्लाचं नाक मुतात घासणारे अजून आहेत गावात. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही. मग ते कॉटखाली, फडताळामागे करतं. चालू असताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, उचला, पॅडवर ठेवा. तासाभराने सापडलं तर मुकाट पुसा. वास येतोय पण जागा सापडत नाही? रात्री अतिनील टॉर्च मारा, वाळलेलं मूत पिवळट-हिरवं चमकतं. अंगावर ओरडल्यावर किंवा पाहुणा वाकल्यावर बसल्या जागी सुटतं ते वेगळं, ते भीतीने किंवा आनंदाने होतं. तिथे रागावलात तर वाढतं.

सुरंगी
गणपतीत काय करता सगळे? चाकरमानी आले की घरात पंचवीस माणसं, पॅड कोणीतरी उचलून मागे टाकतं.

जांभा
चार बाय चार फुटांचा कठडा करा. एका टोकाला अंथरूण, पाणी, दुसऱ्या टोकाला पॅड. झोपायच्या जागी पिल्लू सहसा घाण करत नाही. (दुकानात पिंजऱ्यात वाढलेल्यांची ही सवय मोडलेली असते, त्यांना वेळ लागतो.) कठडा आरती आणि फटाक्यांपासून लांबच्या खोलीत, आणि पाहुणे यायच्या आधीच तिथे हलवा, ऐनवेळी नको. पाहुण्यांच्या पोरांना सांगा, पॅडवर असताना हाक मारायची नाही, अर्धं करून पळतं आणि उरलेलं तुमच्या चटईवर.

दोन_पोफळी
पाऊस संपल्यावर पॅडवरून बाहेर कसं काढायचं? आमच्या ओळखीत एकाचं दोन वर्षांचं झालं तरी अंगणातून धावत घरात येऊन पॅडवर करतं.

खाडीपलीकडे
पॅड रोज वीतभर दाराकडे सरकवा. दोन दिवस चुकलं तर एक वीत मागे. उंबरठ्याशी तीन-चार दिवस थांबा, मग पडवीत, मग अंगणात. तिथे पॅड रोज कापून लहान करत जा, वापरलेला एक तुकडा मातीवर राहू दे. सप्टेंबरअखेर सुरू केलंत तर दिवाळीपर्यंत जमायला हरकत नाही.

मालवणी_मिरी
पडवीत बेडूक येतत त्येंचा काय? पिल्लू तोंडात धरता.

गोचीडमुक्त
अंगावर फोड असलेला भेक असेल तर विष असतं, तोंडाला फेस येतो. मान खाली करून तोंडाच्या बाजूने पाणी सोडा, घशात जाऊ न देता, पाच-दहा मिनिटं, हिरड्या ओल्या फडक्याने पुसा आणि डॉक्टरांना फोन लावा. संध्याकाळी सोडायच्या आधी पडवीत टॉर्च मारून बघत जा.

चुलीपुढे
वीज आली. @मालवणी_मिरी, त्या सुक्या जवळ्याचं प्रमाण टाका हो इथे.