कुटुंब आधी की नोकरी आधी? बडोद्याचा अनुभव

कुटुंब आधी बडोद्याला हलवावे की नोकरीचे पक्के झाल्यावर, असे आपण विचारले आहे. आम्ही मुंबईहून दांडिया बाजारातील घरी परतलो तेव्हा कुटुंब आधी आणले आणि मी ६ महिने ये-जा केली. सुमारे ३९० किलोमीटरचा तो प्रवास सवयीचा झाला, पण शुक्रवारी रात्री पोचेपर्यंत लेक झोपलेली असे, ते फार मनाला लागे. म्हणून घरून काम करण्याचे दिवस आधीच लेखी मान्य करून घ्यावेत, कारण वरिष्ठ बदलले की तोंडी शब्द उरत नाही.

मुलांच्या गुजरातीकडे मात्र आतापासूनच लक्ष द्यावे. २०२३च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत ती सक्तीची आहे. शिरोरेषा नसलेली अक्षरे पाहून आमची लेक बावरली होती. मग आजीने तिला रोज भाजी आणायला सोबत नेऊन दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या, आणि दिवाळीपर्यंत ती सरसर वाचू लागली.

गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ गुजरातेत ठेवल्यास नवी नोंदणी लागते. त्यासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र मुंबई सोडण्यापूर्वीच आरटीओतून घ्यावे.