डोळे मिटून जमत नसेल तर उघडे ठेवा

ध्यानाला डोळे मिटून बसलं की जुनं सगळं अंगावर येतं, असं तुम्ही म्हणालात. माझंही तेच व्हायचं. वडिलांच्या दारूत बालपण गेलं. मग डोळे उघडे ठेवूनच करायला लागले. आजूबाजूचं एकेक मनात टिपत जायचं: दिसणाऱ्या ५ वस्तू, ४ स्पर्श, ३ आवाज, २ वास, १ चव. (वासाला मी सरळ हिंगाची डबी उघडते!) श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, बस्स.

सोबत हवी असेल तर दारूचं व्यसन असलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी अल्-अनॉनच्या सभा असतात, फी नाही. पहिल्या तीन सभांत मी तोंडही उघडलं नाही, कोणी आग्रहही केला नाही. तिथे सल्ले देत नाहीत, हे मला फार मानवलं. रात्री फारच बिनसलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतून बोलता येतं.