कॉमिक्समधल्या ‘गटर’ला मराठीत काय म्हणाल?

सांगली: मुलांच्या वाचनवर्गात सध्या ‘मिस मार्व्हल’ हे कॉमिक चाललंय. जर्सी सिटीतली 16 वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकी कमला खान, हातपाय हवे तेवढे लांबवणारी सुपरहिरो. मालिका 2014 ची, पहिल्या खंडाला 2015 चा ह्यूगो पुरस्कार. चित्रं एड्रियन अल्फोना यांची, रंग इयन हेरिंग यांचे. पिळदार दंड नाहीत की भडक रंग नाहीत. रेघ बारीक, रंग मऊ, आणि मागच्या पाट्यांवर, डब्यांवर बारीक अक्षरांत खोड्या. पोरं गोष्ट सोडून त्याच शोधत बसतात.

चौकट, फुगा हे शब्द लगेच रुळले. अडलंय ते दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीपाशी. ‘गटर’ म्हटलं की अख्खा वर्ग नाक धरतो.

कराड: आम्ही डीटीपीवाले दोन कॉलममधल्या जागेलाही गटरच म्हणतो. कुणाला वास येत नाही.

तासगाव: बांध म्हणा की! दोन रानांच्या मधला असतो तसा. चौकटीबाहेर हात काढला, की कमलानं बांध कोरला. आपल्याकडच्या पोरांना फोड करून सांगावी लागणार नाही.

वाई: कोरण्याचं झकास, पण बांध नुसता वेगळं करतो. एका चौकटीत मूठ उगारलेली, पुढच्या चौकटीत दार मोडलेलं; दणका बसतो तो मधल्या कोऱ्या जागेत, वाचणाऱ्याच्या डोक्यात. कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाऊड यांनी 1993 मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. तिथून काहीतरी वाहतं, म्हणून ‘सरी’ बरा.

तासगाव: अहो, सरीत ऊस असतो. मोकळी कुठाय ती? आणि बांधावर काही घडत नाही हे जरा कोर्टात जाऊन सांगा.

मिरज: इंद्रजालच्या वेताळापासून कॉमिक्स वाचतोय. या जागेला नाव लागतं हे आज कळलं.

सांगली: वाईकरांचा मुद्दा खरा आहे, वर्गात तो उदाहरणासकट सांगेन. पण शब्द ‘बांध’च घेतो. ‘सरी’ म्हटलं की निम्म्या वर्गाला पाऊस आठवेल. छापील टिपणात मात्र ‘चौकटींमधली जागा’ असंच ठेवतो, बाहेरगावच्या वाचकाला बांधाची भांडणं कुठून माहीत असणार?

आता पुढचं. चौकटच नाही, पानभर एकच चित्र, त्याला काय म्हणायचं?

तासगाव: माळ.