आठ वर्षांच्या मुलासाठी शाळेचे बूट: माप कसे बघावे?

अनगोळची आई: गेल्या वर्षी मुलासाठी दोन नंबर मोठे काळे बूट घेतले आणि पुढे कापूस कोंबला, तरी टाच निघतच राहिली, शेवटी तो पायऱ्यांवरून पडला आणि त्याचा गुडघा फुटला. यंदा चूक टाळायची आहे. बजेट ७०० रुपये आहे.

शहापूरकर आजोबा: ताई, सातशेत चांगले बूट मिळत नाहीत. नातवाला मी खडेबाजारातून दोन हजारांचे कातडी बूट घेतले, दीड वर्ष झाले तरी शिवण उसवलेली नाही.

खानापूरची मावशी: आजोबा, बूट टिकले, पण दीड वर्षात नातवाचा पाय वाढला नाही का? शिवाय आमच्याकडच्या पावसात कातडी बूट वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते. कॅनव्हासचे घ्यावेत.

निपाणीकर: दिवसभर चालून पाय किंचित सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. मुलाला मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे करावे आणि सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचेही असू शकते) पेन्सिलीने खूण करावी. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाच्या लांबीत सुमारे एक सेंटीमीटर मिळवावा. तेवढ्या लांबीची कागदी पट्टी दुकानात न्यावी आणि ती न दुमडता बुटात टाचेपर्यंत बसते का ते पाहावे, कारण कंपनीगणिक नंबर बदलतो. आपल्याकडच्या नंबरांत एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, म्हणजे तुमच्या बुटात दोन नंबरांमुळे १७ मिलिमीटर जागा जास्तीची होती. बूट नाडीचेच घ्यावेत, त्याने टाच मागे धरली जाते.

अथणीकर: घरी तरी कोल्हापुरी चप्पल घालू द्या. त्या आमच्याकडेही बनतात, आणि २०१९ च्या भौगोलिक मानांकनात (एखादी वस्तू मूळ कुठल्या भागाची, याच्या सरकारी नोंदीत) बेळगाव जिल्हाही आहे.

खानापूरची मावशी: प्रश्न शाळेच्या बुटांचा आहे. माप संध्याकाळीच घ्या. थोरल्याचे जुने बूट मात्र धाकट्याला देऊ नका, त्यांचा तळ थोरल्याच्या पायाप्रमाणे दबलेला असतो. माझ्या धाकटीचे पाय त्यानेच दुखत असत.

अनगोळची आई: सर्वांचे आभार. पट्टी घेऊन गणपत गल्लीत गेले, तिसऱ्या दुकानात ती नीट बसली. बूट मात्र ६५० रुपयांचे, सिंथेटिक आणि चिकटपट्टीचे घेतले, कारण त्याला अजून नाडी बांधता येत नाही आणि सुटलेल्या नाडीत पाय अडकून तो पुन्हा पडेल, ही धास्ती मला जास्त आहे. पट्टी कपाटाच्या दाराला चिकटवली आहे. दर तीन महिन्यांनी पाय मोजून तिच्याशी ताडून पाहीन.